दापोलीच्या किनाऱ्यावरचं घर: साईटच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२३

आज जागा नीट बघून झाली. दापोली तालुका, केळशी-आंजर्ले पट्टा, गावाचं नाव इथे टाकत नाहीये कारण मालकांना उगाच चौकश्या नकोत. मालक म्हणजे काका-काकू, आयुष्य डोंबिवलीत गेलं, आता रिटायर होऊन गावी राहायचंय, घराचं डिझाइन माझ्याकडे आहे. जुनं घर चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, मंगलोरी कौलांचं, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात छप्पर गेलं ते गेलंच. दिवेआगरच्या बाजूला वादळ किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी १००-११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत, आणि दापोली-मंडणगडने मार काही कमी खाल्ला नाही. नंतर वीज कित्येक आठवडे नव्हती हे इकडे सगळ्यांच्याच तोंडी आहे.

गंमत म्हणजे भिंती आजही उभ्या आहेत, चिरा हललेला नाही. मी शिडी लावून भिंतीच्या माथ्यावर चढले तर वर पाटाचं लाकूड (भिंतीवर आडवं, ज्यावर वासे टेकतात ते) जिथे बसायचं ती खाच दिसते, पण लाकूड भिंतीला बांधल्याची खूण कुठेच नाही, ना बोल्ट ना पट्टी. म्हणजे वासे पाटाला खिळ्याने ठोकले, पाट भिंतीवर नुसता ठेवला, त्यावर कौलांचं वजन, बस. शंभर वर्षं ते वजनावर भागलं आणि एका दुपारी नाही भागलं.

काकांना वाटतं भिंती जुन्या म्हणून घर गेलं, तेव्हा सगळं पाडून आरसीसी करू. मी म्हटलं थांबा जरा, आधी छप्पर का गेलं ते बघू.

२ डिसेंबर २०२३

कागदपत्रं. प्लॉट भरतीरेषेपासून २०० मीटरच्या बाहेर पण ५०० च्या आत, म्हणजे सीआरझेड, किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, आहेतच. तळमजला अधिक एक आणि उंची ९ मीटरपर्यंत, त्यापुढे जायचा विषयच नाही आणि जायची गरजही नाही, वाऱ्यात घर जितकं बुटकं तितकं बरं. परवानगीला वेळ लागणार, लागू दे. तोवर ड्रॉइंग.

घर समुद्राच्या दिशेने २० मीटर पुढे सरकवा, व्ह्यू मिळेल असं मुलाचं म्हणणं (तो पुण्याला असतो, व्हिडिओ कॉलवर येतो). पुढे उंडीची चार जुनी झाडं आणि केवड्याचं बेट आहे, ते तोडावं लागेल. मी सरळ नाही म्हणाले. सुरूची झाडं वादळात सटासट पडली ती सगळ्यांनी पाहिलीत, उंडी त्या मानाने चिवट, आणि समुद्रावरून येणारा खारा फवारा पहिला तीच अंगावर घेते. फुकटचा पडदा आहे तो, असा पडदा पैसे देऊन उभा करायचा तर पंधरा-वीस वर्षं लागतील.

१३ जानेवारी २०२४

मीटिंग लांबली. यादी अशी आली: समुद्राकडे पूर्ण काच, सपाट स्लॅब, वर टेरेस, इन्फिनिटी असं काहीतरी, बाहेरून पांढरं. मुलाने फोटो पाठवलेत, ग्रीसचे आणि कुठल्या कुठल्या देशांचे, जिथे वर्षाला आमच्या जुलैच्या दोन आठवड्यांइतका पाऊस पडतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि तो सरळ पडत नाही, झड येते, आडवा मारतो.

सपाट स्लॅबचं कोकणात काय होतं ते कुठल्याही गावात फिरून बघा. पाच-सात वर्षांत गळायला लागतो, मग त्यावर लोखंडी पाईप उभे करून पत्र्याची शेड मारतात, आणि वादळात पहिली उडते ती तीच शेड, जाऊन पडते शेजाऱ्याच्या कौलांवर. म्हणजे स्लॅबचे पैसे दिले, पत्र्याचे दिले, वर शेजाऱ्याशी भांडण.

काकूंनी एकच प्रश्न विचारला तो मला सगळ्यात कामाचा वाटला: "रात्री वादळ आलं तर आम्ही दोघांनी बसायचं कुठे?" त्यावरून प्लॅनच बदलला. मधली खोली, म्हणजे जुन्या घराचं माजघर जिथे होतं तिथेच, चारी बाजूंनी आरसीसी फ्रेम, वर स्लॅब, एकही खिडकी थेट बाहेर उघडत नाही, लागून बाथरूम, इन्व्हर्टर आणि पाण्याची टाकी तिथेच. त्याच्या भोवती बाकीचं घर चिऱ्याचं, आणि सगळ्यावर कौलांचं चौपाखी छप्पर. बाहेरचं छप्पर उद्या समजा गेलंच तरी माणसं स्लॅबखाली आहेत. टेरेस रद्द. मुलगा थोडा नाराज.

२७ जानेवारी २०२४

छपराचा हिशोब, सविस्तर लिहून ठेवते कारण हा पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागणार आहे.

आयएस ८७५ भाग ३, म्हणजे वाऱ्याच्या भाराचा भारतीय कोड, त्यात मुंबईला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, पणजीला ३९. आपण दोघांच्या मधे, मी ४४ धरला. समोर उघडा समुद्र म्हणून थोडा वाढवून ४६ च्या आसपास. दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, आला साधारण १२८० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला १३० किलो धरा. कोड यात थोडी सूट घेऊ देतो, किनाऱ्यावर मी ती घेत नाही. वेगाचा वर्ग असल्यामुळे वारा दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो, हे काकांना कागदावर आकडे मांडून दाखवलं तेव्हा पटलं.

आता हा दाब छपराला खाली दाबत नाही, वर ओढतो. उतार १० अंशाचा असेल तर वाऱ्याच्या बाजूला ओढ सगळ्यात वाईट, १.२ पट. ३० अंशाला तिथे ती जवळजवळ शून्यावर येते. म्हणून ३० अंश. आपल्या जुन्या घरांचे उतार तेवढे तीव्र असायचे ते पावसासाठी, पण वाऱ्यालाही तेच चालतं. तरी वारा आढ्याच्या दिशेने आला की ०.७ ची ओढ राहतेच.

त्यात आतला दाब मिळवायचा. घर बंद असेल तर ०.२, म्हणजे एकूण ०.९, चौरस मीटरला ११७ किलो वर. पण समोरची मोठी काच फुटली किंवा दार उघडलं तर वारा आत घुसतो, आतून छपराला ढकलतो, ०.७ धरावा लागतो, एकूण १.४, म्हणजे १८२ किलो. कौलं, रिपा, वासे सगळं मिळून वजन ६५ किलोच्या आसपास. उरले ११७ किलो, ते कशाने धरायचे? कैची, म्हणजे छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा, दर २ मीटरवर, गाळा ६ मीटरचा, तर एका टोकाला ६ चौरस मीटर येतं, म्हणजे ७०० किलो वरच्या दिशेने. जुन्या घरात तिथे एक खिळा होता.

तेव्हा काकांची काच आणि काकांचं छप्पर हे दोन वेगळे विषय नाहीत. काच फुटली की छपराची ओढ दीडपटीच्या वर जाते. हे मुलालाही सांगितलं, तो इंजिनीअर आहे (सॉफ्टवेअरचा का असेना), त्याला लगेच कळलं.

ठरलं: समुद्राकडे सलग काच नाही, तीन मोठ्या खिडक्या, लॅमिनेटेड काच म्हणजे फुटली तरी मधल्या फिल्मला चिकटून जागेवर राहते, आणि प्रत्येकीला बाहेरून लाकडी झडपा, बाहेर उघडणाऱ्या. बाहेर उघडणारी झडप वाऱ्याने दाबली तर चौकटीवर आणखी घट्ट बसते, आत उघडणारी सगळी कडीच्या भरवशावर. आतून अडसर, जुन्या दारांना असतो तसा आडवा लाकडी दांडा. काका म्हणाले आमच्या आजोबांकडे होता. असणारच.

१८ फेब्रुवारी २०२४

पाण्याचा रिपोर्ट आला. विहिरीचं पाणी प्यायला गोड लागतं म्हणून गवंडी खुशाल त्यातच काँक्रीट करणार होता. क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे आरसीसीला चालत नाही, आणि हे फेब्रुवारीचं, मे महिन्यात पाणी खाली गेलं की आणखी खारं होतं. काँक्रीटला आणि क्युअरिंगलाही (काँक्रीट ओलं ठेवायला) वरच्या वाडीतून टँकर. काका खर्चावरून कुरकुरले पण मी हलले नाही, कारण मीठ बाहेरून आत यायला वर्षं लागतात, आपण पहिल्याच दिवशी आत घालून ठेवलं तर कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, कितीही द्या उपयोग नाही.

रेती खाडीची नको, क्रश सँड. सिमेंट पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं. दुकानदार सल्फेटला टिकणारं एसआरसी घ्या म्हणत होता, "समुद्राला तेच लागतं". क्लोराइडसाठी ते उलट कमी बरं, त्यात मीठ धरून ठेवणारा घटकच कमी असतो. स्लॅग सिमेंट मिळालं असतं तर आवडलं असतं, इकडे वेळेवर मिळत नाही.

२१ मार्च २०२४

जोतं तीन फूट वर घेतलं. कॉलमचं काम सुरू. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या कोडप्रमाणे किनाऱ्याला एम ३० (काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) आणि ४५ मिमी कव्हर, थेट फवारा येत असेल तर एम ३५ आणि ५० मिमी. मी सगळ्यालाच एम ३५ आणि ५० धरलं, दोन-दोन हिशोब साईटवर कोणी पाळत नाही. ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे तयार काँक्रीटची गाडी, गावातल्या रस्त्याने येत नाही, त्यामुळे ड्रमच, आणि ड्रमजवळ मी खुर्ची टाकून बसते.

दोन गोष्टींवर झगडा. पहिली, पाणी. सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट पाणी, म्हणजे ५० किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर, त्यातही रेती ओली असेल तर कमी. गवंडीदादांना ते सुकं वाटतं, "ह्यो माल कसा भरायचा मॅडम". अ‍ॅडमिक्श्चर (पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन) टाकून दाखवलं, माल वाहायला लागला, तरी माझी पाठ फिरली की मग्ग्याने पाणी. शेवटी मग्गा गाडीत ठेवला.

दुसरी, कव्हर ब्लॉक. त्यांच्याकडे सळीखाली कपची सारायची पद्धत, दगडाची नाहीतर फुटक्या टाईलची, व्हायब्रेटर लागला की ती सरकते आणि सळी जाऊन फळीला टेकते. आम्ही साईटवरच त्याच मालाचे ५० मिमीचे ब्लॉक पाडून घेतले, तार आत घालून. एक कॉलम मुद्दाम त्यांच्या पद्धतीने करू दिला आणि फळी काढल्यावर हातोडीने कोपरा उडवून दाखवला, सळी १५ मिमीवर. लगेच पाडून पुन्हा भरला. त्यानंतर कपची दिसली नाही.

गंज लागू नये म्हणून कोटेड सळी घ्या असं बरेच जण सांगतात. माझं मत, कोटिंग वाकवताना सोलतं, आणि सोललेल्या टिचभर जागीच गंज एकवटतो. तेच पैसे कव्हर आणि क्युअरिंगवर घाला.

३० मे २०२४

पावसाआधी काम थांबवलं. कॉलमच्या वर आलेल्या सळ्या उघड्या ठेवायच्या नाहीत, सिमेंटची स्लरी मारून वर पीव्हीसी पाईपच्या टोप्या. गावात कित्येक घरांवर "पुढचा मजला" म्हणून सळ्या वर सोडलेल्या असतात, मुलं मोठी होतात, मजला होत नाही, आणि गंज त्या सळीवरून खाली कॉलमात उतरत जातो.

१७ ऑक्टोबर २०२४

चिऱ्याचं काम. जुन्या घराचा बराच चिरा पुन्हा वापरला, ठणठणीत आहे. लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) एक आणि भिंतीच्या माथ्यावर एक असे आरसीसी पट्टे, माथ्याच्या पट्ट्यात कैचीचे बोल्ट काँक्रीट करतानाच पुरले, प्रत्येक टोकाला १६ मिमीचे दोन, खाली हुक करून. पट्टा कॉलमला, कॉलम पायाला, म्हणजे ते ७०० किलो कुठेही न तुटता जमिनीपर्यंत जातात.

समुद्राकडची भिंत बाहेरून उघडी ठेवायची काकांची इच्छा होती, दिसायला छानच दिसतं. पण चिरा पाणी पितो आणि झड तिकडूनच. तिथे चुन्याचा गिलावा, बाकी तीन बाजू उघड्या.

९ डिसेंबर २०२४

कैच्या लोखंडी पाईपच्या, पूर्ण वेल्डिंग आणि सगळी भोकं आधी, मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवणं. हा क्रम फॅब्रिकेटरला पटवायला जीव गेला. तो म्हणे इथेच जोडतो आणि वर सिल्व्हर पेंट मारतो, कळत पण नाही. नाही कसं कळत, दोन पावसाळ्यांत कळतं. वेल्डिंगने जस्त जळून जातं आणि जोड असतो नेमका तिथेच, जिथे सगळा भार आहे.

बंद पाईपला हवा जायला भोकं ठेवावी लागतात, साडेचारशे डिग्रीच्या जस्तात बंद पाईप बुडवला तर आतली हवा फुगून स्फोट होतो. कारखान्याने दोन कैच्या ह्याच कारणाने परत पाठवल्या, ते बरोबरच. मुंबईच्या बाजूला जाऊन-येऊन टेम्पोचं भाडं कैचीच्या किमतीत डोळ्यात येईल एवढं झालं. पण जस्ताचा थर ८५ मायक्रॉन, आणि अशा खाऱ्या हवेत वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जातं असं धरलं तर दहा ते वीस वर्षं. बाजारातल्या चकचकीत "जीआय" स्क्रूवर तो थर पाच-दहा मायक्रॉनचा असतो. भागाकार ज्याचा त्याने करावा.

१५ फेब्रुवारी २०२५

स्क्रू! सगळ्या घरात सगळ्यात लहान वस्तू आणि सगळ्यात जास्त फोन ह्याच वस्तूसाठी. मागवले ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, बॉक्सवर नुसतं "एसएस" लिहिलेलं. चुंबक लावलं तर खटकन चिकटलं, म्हणजे ४१० असणार, ते समुद्राजवळ लालच होतं. परत केले. दुसरा दुकानदार म्हणाला चुंबक लागत नाही म्हणजे ३१६, पण ३०४ ला पण लागत नाही, दोघांतला फरक मॉलिब्डेनमचा, तो चुंबकाने कळत नाही. थेंब टाकून रंग बघायचं एक किट मिळतं, ते मागवलं, चार डब्यांतले तीन पास झाले.

कौलं नुसती टेकवायची नाहीत. कडेच्या तीन ओळी, कोन (दोन पाखी मिळतात ती तिरकी कड) आणि आढ्याजवळचं प्रत्येक कौल स्क्रूने, मधली एक आड एक. ओढ कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यात जास्त असते, एक कौल निघालं की खाली बोटं घालायला वाऱ्याला जागा होते. कौलकरी म्हणाले असं आम्ही कधी केलं नाही, मजुरी वाढवून द्या. दिली. काका हिशोबाच्या वहीत "स्क्रू" ह्या ओळीकडे बराच वेळ बघत होते.

एका गोष्टीवर मला स्वतःलाच बरेच दिवस ठरवता येत नव्हतं, ती वळचण. पावसाला तीन फूट बाहेर हवी, वाऱ्याला जितकी कमी तितकी बरी. शेवटी मुख्य छप्पर दीड फुटावरच थांबवलं आणि पडवीचं छप्पर वेगळं, खाली, स्वतःच्या खांबांवर, मुख्य छपराशी एकही जोड नाही. मोठ्या वादळात पडवी गेली तर एकटी जाईल. काकूंना हे ऐकून थोडं कसंतरी झालं, "आपणच ठरवायचं का काय उडणार ते", पण हो, तेच ठरवायचं असतं.

२५ मे २०२५

यंदा मे मध्येच सुरू झालं. अरबी समुद्रात डिप्रेशन, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, तयार झालं आणि काल, २४ ला, रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढलं. चक्रीवादळ नव्हे, तरी अर्धा दिवस नुसता धिंगाणा. खिडक्या बसल्या होत्या, झडपा अजून सुताराकडे. प्लाय ठोकून घ्यायला सांगितलं होतं, दोन खिडक्यांना ठोकलं, तिसरीला माणूस पोचलाच नाही. कामापुरती ठेवलेली प्लास्टिकची टाकी आदल्या दिवशी भरून ठेवायला लावली होती, रिकामी असती तर गेली असती.

आज सकाळी जाऊन बघितलं. छपराचं एकही कौल हललं नाही. पण असल्या वाऱ्याला हललं असतं तर मीच प्रॅक्टिस बंद केली असती, त्यामुळे ह्यात फार फुशारकी नाही. पाणी मात्र आत आलं, तिसऱ्या खिडकीच्या खालच्या पट्टीतून, सरळ खालून वर चढून. स्लाइडिंगच्या खाचेला पाणी जायची भोकं असतात त्यातूनच वारा पाणी उलटं आत ढकलतो. पट्टीची मागची उंची वाढवायला हवी.

२९ जून २०२५

झडपा लागल्या, फणसाच्या लाकडाच्या, बिजागऱ्या पितळी. खिडकीची पट्टी मागून ५० मिमी उंच करून घेतली, झडीत बघितलं, थेंब नाही. पडवीला काकूंनी झावळ्यांचे झाप बांधून घेतले समुद्राच्या अंगाला, ड्रॉइंगमध्ये नव्हते, मस्त काम करतायत.

एसीचं बाहेरचं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर लावून गेलेत, मागच्या बाजूला सांगितलं होतं. महिन्याभरात त्याच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर पांढरी पूड. ते हलवायचं. सोलर हीटरचा स्टँड साधा रंग मारलेला आलाय, तो परत. बाहेरच्या नळाच्या खालचा क्लॅम्प कोणीतरी घरातला चकचकीत लावलाय, आत्ताच तांबूस दिसतोय.

काकांना वर्षाचा तक्ता करून दिला: दिवाळीच्या आधी गोड्या पाण्याने खिडक्या, बिजागऱ्या, बोल्टची डोकी धुवायची, मे महिन्यात माथ्याचे सगळे बोल्ट पान्याने तपासायचे, पन्हळी साफ, उंडीच्या वाळक्या फांद्या उतरवायच्या. त्यांनी तो फ्रीजवर लावला आणि विचारलं, पान्याचं काम चतुर्थीला मुलगा येतो तेव्हा केलं तर चालेल का? नाही चालणार, मे म्हणजे मे. मुलाला तेव्हा बोलवा.